मागीलदारचा वस्तरा

बाबांचे हात आता थरथरतात. दाढीचं ब्लेड त्यांच्या हाती द्यायची भीती वाटते, म्हणून महिन्यातून एकदा मी त्यांना म्हापशाच्या बाजारामागच्या एका छोट्या सलूनमध्ये घेऊन जाते. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, फुटबॉलपटूंचे रंग उडालेले फोटो आणि तुरटी, ओला टॉवेल, पावडर यांचा मिळून झालेला एक वास. दुकान चालवणारा मुलगा बिहारकडचा. बारा वर्षं गोव्यात आहे, मराठी त्याला जेमतेम कळते, पण कोकणी छान बोलतो. जूनमधली दुपार होती. पत्र्यावर पाऊस कोसळत होता. बाबांच्या गळ्याभोवती कापड बांधून झालं होतं, गालांना फेस लागला होता, तेवढ्यात एक बाई मुलाला घेऊन आत आल्या. मुलगा तेरा-चौदा वर्षांचा. केस मानेपर्यंत आलेले, भिजून कपाळाला चिकटलेले. शाळेने वहीत शेरा दिला होता: केस कापल्याशिवाय वर्गात बसायचं नाही. दुसऱ्या खुर्चीवरच्या कारागिराने आरशातून आईला विचारलं, "कितना?" आई म्हणाल्या, "मशीन मारून टाका. बारीक." मुलाने डोळे मिटून घेतले. आणि शेजारच्या खुर्चीतून, फेसाआडून, बाबा एकदम मोठ्याने म्हणाले, "ताका विचार. केंस ताचे." त्याला विचार, केस त्याचे.

क्षणभर सगळं थांबलं. कारागिराच्या हातातलं मशीन गुणगुणत तसंच हवेत राहिलं. मुलाच्या आईने आधी बाबांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्या माणसाचं मनावर घेऊ नका, असं काहीतरी त्यांना माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार, कारण मी तसंच हसले. मग मशीन मुलाच्या मानेला टेकलं. काळ्याभोर केसांचे लांब तुकडे कापडावरून घसरत खाली पडत राहिले, आणि शेवटपर्यंत त्याने डोळे उघडले नाहीत. उघडले तेव्हाही आरशात पाहिलं नाही. खाली, फरशीकडे पाहिलं.

तो मुलगा मला पुढे कितीतरी दिवस दिसत राहिला. आणि त्याहून जास्त माझं हसू.

परतताना गाडीत बाबा काही बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांना त्यांची आजी आठवली. आमच्या घरात केसांचा विषय निघाला की तो शेवटी तिच्यापाशीच जातो.

आमचं मूळ घर पेडणे तालुक्यातलं. घरात मराठी, अंगणाबाहेर कोकणी, आणि आजोबांच्या कपाटात पोर्तुगीज. बाबांच्या आजीला, म्हणजे माझ्या पणजीला, मी पाहिलेलं नाही. तिचा फोटोही नाही. सोवळ्या बाईचा फोटो कोण काढणार होतं? अठराव्या वर्षी तिचा नवरा गेला तेव्हा आजोबा पोटात होते. बाळंतपण उरकलं, आणि तिला मागीलदारी पाटावर बसवलं. त्यानंतर चाळीस वर्षांहून जास्त काळ दर पंधरवड्याला गावचा म्हालो, म्हणजे न्हावी, यायचा. घरातल्या पुरुषांसाठी तो पुढच्या दाराने येई, पडवीत बसे, त्याला पान-सुपारी मिळे, चार गावगोष्टी होत. पणजीसाठी येई तेव्हा विहिरीकडच्या वाटेने, केळींमधून, कोणाशी न बोलता. धोकटी तीच, वस्तराही तोच. बाबा लहानपणी खांबाआडून बघायचे. नारळाच्या सोडणावरून कोयता ओढावा तसा खरखर आवाज यायचा म्हणतात. मग ती न्हाणीत जायची, डोक्यावरून थंड पाणी घ्यायची, आलवणाचा पदर कपाळापर्यंत ओढायची आणि चुलीपाशी यायची. एकदा तापात तिच्या मांडीवर पडले असताना बाबांचा हात तिच्या डोक्याला लागला. फणसाच्या सालीसारखं ते बोचलं, हे ते अजून हात पुढे करून सांगतात.

त्याच घरात, त्याच म्हालोकडून, आजोबांनी ऐन तारुण्यात आपली शेंडी उतरवून घेतली. पोर्तुगालमध्ये १९१० साली राजा गेला, प्रजासत्ताक आलं, आणि गोव्यातल्या हिंदूंसाठी सरकारी नोकऱ्यांची दारं उघडली. आजोबा पोर्तुगीज शिकले, कचेरीत लागले, कोट आणि हॅट घालू लागले. हॅटखाली शेंडी कशाला ठेवायची? आता गंमत अशी की जुन्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या मुलखात, याच वीतभर केसांच्या नावाने हिंदूंवर कर बसला होता. त्याचं नावच 'शेंडी'. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो आला आणि १८४० पर्यंत टिकला. सव्वाशेहून जास्त वर्षं माणसांनी त्याचे पैसे मोजले, पण शेंडी सोडली नाही. आणि तिचं कोणालाच काही वाटेनासं झालं तेव्हा आजोबांनी एका सकाळी ती पाटावर बसून काढून टाकली, आणि त्यांना मोकळं वाटलं. पैसे मोजून शेंडी राखणाऱ्यांचा ताठरपणा मला आवडतो. आजोबांचं मोकळं होणंही आवडतं. दोन्हींत त्या-त्या माणसाने स्वतः काही ठरवलं होतं. मला टोचतं ते वेगळंच: नव्या जमान्याचा माणूस म्हणून आजोबांनी शेंडी उतरवली त्यानंतरही म्हालो केळींमधून मागीलदारी जातच राहिला. आपल्या आईच्या डोक्याचं काय, हा प्रश्न त्या हॅटवाल्या माणसाला पडला नाही. कदाचित पडलाही असेल. विचारला मात्र नाही.

तो प्रश्न शेवटी म्हालोच्या मुलाने सोडवला. तो मुंबईला गिरगावातल्या एका दुकानात काही वर्षं काम करून परतला होता. बाप थकला म्हणून त्या पंधरवड्याला धोकटी घेऊन तोच आला. केळींमधून आला, पाटासमोर उकिडवा बसला, धोकटी उघडली आणि पुन्हा बांधली. "म्हाका हें काम जावचें ना, आजये," एवढंच म्हणाला. हे काम माझ्याच्याने होणार नाही, आजी. १९५० च्या आसपासची ही गोष्ट. मुंबईत १८९० मध्ये न्हावी मंडळी जमली होती आणि विधवांच्या डोक्यावर यापुढे वस्तरा चालवायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. आपल्याकडच्या सुधारणांच्या इतिहासात मला सगळ्यात जवळची वाटते ती ही घटना. पुण्या-मुंबईत तेव्हा केशवपनावर लेख पडत होते, शास्त्रार्थ झडत होते, कोणत्या स्मृतीत काय म्हटलं आहे याचा कीस पाडला जात होता. आणि ज्यांच्या हातात प्रत्यक्ष वस्तरा होता, ज्यांना त्या पोरसवदा बायकांचं रडणं रोज अगदी हाताच्या अंतरावरून ऐकू येत होतं, त्यांनी तो सरळ खाली ठेवला. आम्हाला हे पाप नको, म्हणाले. तिथून आमच्या मागीलदारापर्यंत यायला त्या गोष्टीला साठ वर्षं लागली.

इथवर आलं की मी लहानपणी टाळी वाजवायची. बाबा मला थांबवायचे, कारण पणजी रागावली होती.

नुसती रागावली नव्हती, रडली होती. माझं सोवळं मोडलं, म्हणाली. देवघरात पाऊल टाकेना. दुसरा म्हालो आणा म्हणून आजोबांच्या मागे लागली. त्यांनी दोन गावं पालथी घातली, कोणी आलं नाही. वाढत्या केसांना हात लागू नये म्हणून ती पदर आणखी घट्ट बांधायची. अठराव्या वर्षी तिला कोणी विचारलं नव्हतं आणि साठीलाही नाही. चाळीस वर्षांत जे तिने आपलं म्हणून स्वीकारलं होतं, ज्याच्यामुळे तिच्या हातचं पाणी देवाला चालत होतं, तेही कोणीतरी एका सकाळी काढून घेतलं. म्हालोच्या मुलाचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही. हात त्याचा होता, आणि त्या हाताने काय करायचं नाही हे त्याने ठरवलं. तरीही तिचं रडणं खरं होतं. या दोन गोष्टी माझ्या मनात शेजारी-शेजारी आहेत, आणि इतक्या वर्षांत त्यांतली एकही दुसरीला हटवू शकलेली नाही.

इराणबद्दल वाचताना मला दर वेळी ती आठवते. १९३६ साली तिथल्या शहाने बायकांनी डोक्यावरचं वस्त्र उतरवलंच पाहिजे, असा हुकूम काढला. आधुनिक व्हायचं होतं देशाला. पोलीस रस्त्यात पदर ओढत, आणि कित्येक वयस्क बायकांनी घराबाहेर पडणंच सोडलं. पुढे १९७९ ला क्रांती झाली आणि काही वर्षांतच उलटा हुकूम आला: केस दिसता कामा नयेत. मधल्या त्रेचाळीस वर्षांत राज्य पार उलटलं, पण बाईच्या डोक्यावरचा हात सरकारचाच राहिला. मग २०२२ च्या सप्टेंबरमध्ये हिजाबच्या नियमावरून पकडलेली महसा अमिनी पोलिसांच्या ताब्यात असताना गेली, आणि बायका रस्त्यावर, कबरींपाशी आपले केस कापायला लागल्या. शोकात केस कापायची रीत त्या भूमीत फार जुनी आहे. मी ते स्वयंपाकघरात फोनवर पाहिलं. एक मुलगी उजव्या हाताने वेणी धरते, डाव्या हाताने कात्री चालवते, कात्री बोथट असते, तिला तीन-चारदा दाबावी लागते. गॅसवर आमटी उतू गेली तरी माझं लक्ष नव्हतं. केस गेल्यावर डोकं कसं दिसतं, हे आमच्या घराने चाळीस वर्षं पाहिलं होतं. पण आपल्याच हातात कात्री धरलेली बाई आमच्या मागीलदारी कधी उभी राहिली नव्हती.

सत्ता बदलली की नव्या मालकाचं लक्ष आधी माणसाच्या डोक्याकडे का जातं, याचा मी बराच विचार केला आहे. मनात काय चाललंय ते दिसत नाही, केस मात्र लांबूनही दिसतात. चीन जिंकणाऱ्या मांचूंनी १६४५ मध्ये तिथल्या बहुसंख्य हान पुरुषांना फर्मावलं: कपाळ तासा, मागे वेणी ठेवा, दहा दिवसांत. डोकं ठेवायचं असेल तर केस जातील, केस ठेवायचे असतील तर डोकं, असं तिथे तेव्हा म्हटलं जायचं. आईबापांनी दिलेल्या देहाला, केसाला धक्का लावू नये असं पिढ्यान्‌पिढ्या शिकलेली माणसं त्यापायी मरायला उभी राहिली. जियांगयिन नावाचं गाव ऐंशी दिवस लढलं आणि संपलं. पण पुढे काय झालं ते पाहा. अडीचशे वर्षांत तीच वेणी त्यांची झाली. १९११ च्या क्रांतीनंतर नव्या सरकारने वीस दिवसांत वेण्या कापा म्हणून हुकूम सोडला, आणि शहरांच्या वेशींवर सैनिक कात्र्या घेऊन उभे राहिले. भाजी, कोंबड्या घेऊन बाजाराला निघालेले शेतकरी आयतेच सापडायचे. ती माणसं रडायची. कापलेली वेणी धुळीतून उचलून घरी न्यायची आणि मेल्यावर आपल्यासोबत पुरा म्हणून जपून ठेवायची. त्यांच्या पूर्वजांनी याच वेणीविरुद्ध प्राण दिले होते. त्या क्रांतीचे नेते सुन यत्-सेन यांनी त्याआधी कितीतरी वर्षं, १८९५ मध्ये, जपानला पोचल्यावर स्वतःची वेणी स्वतःच्या मनाने कापली होती. त्यांच्या वेणीला आणि वेशीवर पडलेल्या वेणीला इतिहासाच्या पुस्तकात एकच ओळ पुरते. मी म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात जाते, तेव्हा डोक्यावर पाट्या घेऊन उतरणाऱ्या माणसांकडे बघून मला ती वेस दिसते.

फ्रेंच क्रांतीतली एक गोष्ट याहून अंगावर येणारी आहे. गिलोटिनचं पातं अडू नये म्हणून मानेवरचे केस आधी कापले जात. राणी मारी आंत्वानेतचे १७९३ च्या ऑक्टोबरमध्ये तिला न्यायला आलेल्या जल्लादानेच कापले. आणि दहशतीचा सूत्रधार रोबेस्पियर पडल्यावर, ती दहशत ओसरल्यावर, पॅरिसच्या तरुण बायका मुद्दाम तसेच केस कापून हिंडू लागल्या. मान उघडी, पाठीमागे कातरलेलं. त्या केशरचनेला नावच 'बळी' असं होतं. कोणाचा बाप, कोणाचा भाऊ त्या पात्याखाली गेलेला. जल्लादाच्या कात्रीने केलेलं काम त्या आपल्या हाताने परत करून बघत होत्या, असं मला वाटतं. त्यात फॅशन होती असं लोक म्हणतात. असेल. दुःखाला कधीकधी काय घालून बाहेर पडावं ते कळत नाही.

आपल्याकडेही अशी एक लाट येऊन गेली. गोवा मुक्त झाला १९६१ च्या डिसेंबरमध्ये, आणि साठचं दशक संपता संपता कळंगूट, हणजूणच्या किनाऱ्यांवर लांब केसांचे गोरे तरुण-तरुणी उतरू लागले. त्यांच्या देशांत ते केस म्हणजे युद्धाला नकार होता, बापाच्या नोकरीला नकार होता. आमच्या इथे त्यांना हिप्पी म्हणत, आणि गावातल्या बायका त्यांची कीव करत, की पोरांना तेल लावायला कोणी नाही. पण गावातल्या मुलांनी ते केस पाहिले. वाडीवाडीतल्या म्हालोंकडे 'हिप्पी कट'ची मागणी होऊ लागली. याच सुमारास सिंगापूरसारख्या नव्याने स्वतंत्र झालेल्या देशात सरकारी खिडक्यांवर पाट्या लागल्या होत्या: लांब केसांच्या पुरुषांचं काम सर्वांत शेवटी होईल. नवं राज्य, नवी शिस्त. गोव्यातही मुक्तीनंतर गावोगाव मराठी शाळा उघडल्या, आणि बाबांसारखे विशी-पंचविशीतले मास्तर त्यांत भरती झाले. जे आपल्याला मिळालं नाही ते या पोरांना द्यायचं, या ईर्ष्येने ते शिकवत. चपला हातात घेऊन ओहोळ ओलांडत शाळेत जात. त्या पिढीचा मला फार अभिमान आहे, अजूनही.

सलूनमधल्या त्या दुपारनंतर दोन-तीन आठवडे गेले. रविवार होता. बाबा आणि मी मागच्या पडवीत आठळ्या सोलत बसलो होतो. आठळीची ती पातळ, चिवट साल त्यांच्या थरथरत्या नखांत नीट सापडत नाही, तरी हे काम ते कोणाला देत नाहीत. मी सहज म्हटलं, "बाबा, त्या दिवशी सलूनमध्ये तुम्हाला आजी आठवली ना?"

"आजी नव्हे ग," ते म्हणाले.

मग बराच वेळ थांबून सांगू लागले. बहात्तर-त्र्याहत्तर साल असेल. किनाऱ्याकडच्या एका गावात ते हायस्कूलला होते. आठवीत रापणकारांचा, म्हणजे रापणीची जाळी ओढणाऱ्या मच्छीमारांचा, एक मुलगा होता, हुशार. शाळा सुटली की हिप्पींना शहाळी विकायचा, त्यांच्याकडून चार इंग्रजी शब्द शिकायचा. त्याने केस वाढवले, कानांवरून खाली आले. बाबांनी दोनदा सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्याला वर्गासमोर उभं केलं, क्राफ्टच्या पेटीतली कात्री काढली आणि कापले. "मुलं हसली," बाबा म्हणाले. "मीही हसलो. मला वाटत होतं, मी त्याचं भलं करतोय. आत्ता कुठे आपलं राज्य आलं, आणि ही पोरं त्या भिकाऱ्यांसारखी दिसणार? असंच डोक्यात होतं माझ्या. चांगलंच होतं सगळं डोक्यात."

"तो काही बोलला?"

"नाही. डोळे मिटून उभा राहिला. केसांना खोबरेलाचा वास होता, घट्ट. आईने लावलेलं असणार. मी हात धुतले, जेवलो, तरी संध्याकाळपर्यंत बोटांना येत होता."

पाऊस थांबला होता. पागोळ्या गळत होत्या. मला काय बोलावं कळेना. पणजीची एक गोष्ट मी त्यांना आठवण करून देणार होते, त्यांनीच मला सांगितलेली: रागाचं ते वर्ष सरल्यावर, केस चार बोटं वाढल्यावर, एका दुपारी तिने दहा वर्षांच्या बाबांपुढे डोकं वाकवलं आणि म्हणाली, बघ रे, डोक्यात काही वळवळतंय का. बाबांनी पांढऱ्या मऊ केसांतून बोटं फिरवून पाहिलं. ऊ नव्हती. तरी ती पुढे आठवडाभर रोज दुपारी तेच विचारत राहिली, आणि ते रोज बघत राहिले. ही गोष्ट सांगून त्यांना बरं वाटेल, असं मला वाटलं होतं. पण त्यांचं सांगून झालं नव्हतं.

"मी वेडावाकडा कापला होता ना," ते म्हणाले, "म्हणून घरच्यांनी दुसऱ्या दिवशी त्याचं सगळं डोकं भादरून पाठवलं. गुळगुळीत. मग रस्त्यात जो तो त्याला थांबवून विचारायला लागला, घरात कोण गेलं रे? शाळेच्या शिपायानेही विचारलं, माझ्यासमोर."

"मग?"

"तो प्रत्येकाला सांगायचा, कोणी नाही."

बाबांनी ताटातली आणखी एक आठळी उचलली. तिची साल काही केल्या निघेना. मी ती त्यांच्या हातातून घेतली नाही.